झोन बदलाची नोटीस आणि आपली हरकत : महाजन, कुळावी व भाविकांसाठी माहिती



देवस्थानाच्या या पानावर आम्ही सामान्यतः उत्सवांची निमंत्रणे, अभिषेकांचे वेळापत्रक आणि जीर्णोद्धाराचा जमाखर्च देत असतो. आजचा विषय त्याहून वेगळा आहे. मागील वर्षी देवळाच्या पाठीमागील डोंगराच्या उतारावरील एका जागेचा झोन बदलून ती वसाहत क्षेत्रात घालण्याबाबत नोटीस निघाली होती. हरकत घेण्याची मुदत होती, परंतु आम्हांला ती नोटीस निघाल्याचे समजले तेव्हा एकोणीस दिवस उलटून गेले होते. समितीची बैठक बोलावण्यात आणखी आठवडा गेला. घाईघाईने एक पत्र लिहून त्यावर दोनशे सह्या घेतल्या आणि ते पाठविले. त्या पत्रात सर्वेक्षण क्रमांक नव्हता, तळीचा उल्लेख नव्हता, कोणताही नकाशा जोडलेला नव्हता. होते ते केवळ "आमच्या भावना दुखावतात" हे वाक्य. झोन बदलला गेला.

यात दोष कोणाचा हे शोधत बसण्यापेक्षा आपली तयारी अपुरी होती हे मान्य करणे आम्हांस योग्य वाटते. त्याच उतारावरील शेजारच्या जागांची मोजणी सुरू झाल्याचे आता समजते. म्हणून हरकत म्हणजे काय, ती केव्हा व कशी द्यावी, याची माहिती आपणांपुढे ठेवीत आहोत.

झोन म्हणजे काय?

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्या लहान प्रदेशातील कोणती जमीन घरांसाठी, कोणती शेतीसाठी, कोणती उद्योगांसाठी आणि कोणती मोकळी राखावयाची हे प्रादेशिक आराखड्याने ठरते. त्याचा पाया १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा. शहरांच्या आसपासच्या नियोजन क्षेत्रांत बाह्य विकास आराखडा, म्हणजेच ओडीपी, लागू असतो. आपला गाव शहराच्या वेशीवर असल्याने आपल्याकडील काही जमीन एका आराखड्यात तर काही दुसऱ्यात पडते. म्हणून नोटीस वाचताना ती कोणत्या आराखड्याविषयी आहे हे प्रथम पाहावे.

आपल्यापैकी अनेकांचा असा समज आहे की नमुना १ व १४ मध्ये आपले नाव असले म्हणजे त्या जागेत घर बांधता येते. नमुना १ व १४ मालकी, कूळ आणि पीक सांगतो. बांधकामाची मुभा आहे की नाही हे झोनवरून कळते. भाट, शेत, कुळागर यांचे झोन वेगळे, वसाहतीचा वेगळा. झोन वसाहतीचा असेल तर पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडून सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा बांधकाम परवाना अशी पायरी पायरीने वाट जाते.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पुढच्या पायऱ्यांवर बहुतेक प्रश्न मोजमापांचे असतात: रस्त्याची रुंदी किती, मागे किती जागा सोडली, मजले किती. "येथे बांधावे की नाही" हा मूळ प्रश्न झोन ठरतानाच विचारला जातो. पाया खोदू लागल्यावर पंचायतीपुढे जमणारे लोक उशिरा आलेले असतात.

दुसरी गोष्ट अशी की झोन हा जमिनीला चिकटतो, मालकाला नव्हे. अर्जदार आपल्या ओळखीचे गृहस्थ असतील, "मुलासाठी छोटेसे घर बांधणार" असे प्रामाणिकपणे सांगतही असतील. परंतु झोन बदलल्यानंतर तीच जमीन उद्या दुसऱ्याला विकली गेली तर नवा मालक त्या शब्दाने बांधला जात नाही. म्हणून हरकत घेताना अर्जदाराच्या हेतूचा नव्हे, तर त्या झोनमध्ये जास्तीत जास्त काय उभे राहू शकते याचा विचार करावा.

लोकांच्या हरकतीने काय होते?

"आमच्या पत्राने काय होणार?" हा प्रश्न बैठकीत नेहमी येतो. त्याचे उत्तर गोव्याच्याच अनुभवात आहे. २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, तेव्हा शेते, डोंगर व झाडीची मोठी क्षेत्रे वसाहतीत दाखविल्याचे लोकांच्या ध्यानी आले. त्या वर्षाअखेरीस गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये तो आराखडा रद्द करीत असल्याचे सरकारने जाहीर केले. त्यानंतर नेमलेल्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कुरैय्या यांचा सहभाग होता. प्रादेशिक आराखडा २०२१ चा मसुदा २००८ मध्ये आला, गावोगावचे नकाशे ग्रामसभांपुढे ठेवण्यात आले आणि लोकांच्या सूचना घेऊन २०११ मध्ये तो अधिसूचित झाला. इको-१ व इको-२ हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी आले. वने, पाणथळ जागा, खाजन, तीव्र उतार अशा राखून ठेवावयाच्या जागा पहिल्या वर्गात आणि मर्यादित वापराच्या जागा दुसऱ्या वर्गात येतात.

२०१२ मध्ये हा आराखडा स्थगित ठेवला गेला व पुढे २०१८ पासून पुन्हा उपयोगात आणला गेला. त्यानंतरच्या काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले. पूर्वी वाद साऱ्या गोव्याच्या नकाशाचा होता. आता तो एकेका सर्वेक्षण क्रमांकाचा झाला. २०२३ मध्ये कायद्यात कलम १७(२) आले. आराखड्यातील अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करणे हा त्याचा घोषित हेतू. लोकांचे म्हणणे आधी ऐकण्याचा टप्पा त्यात नाही, ही त्यावरील मुख्य टीका होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालील नियम रद्द ठरविले. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ मध्ये झोन बदलापूर्वी किमान तीस दिवसांची नोटीस देऊन सूचना मागविण्याची तरतूद करण्यात आली. तेही कलम आंदोलनाचा व न्यायालयीन वादाचा विषय ठरले.

कलमे येतात, जातात, बदलतात. भाविकांनी ती पाठ करावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु नोटीस कोणत्या कलमाखाली निघाली आणि त्यात हरकतीसाठी किती दिवस दिले आहेत, ही दोन वाक्ये मात्र काळजीपूर्वक वाचावीत.

तीस दिवसांचा हिशेब

अशी नोटीस राजपत्रात प्रसिद्ध होते. तीत गाव, तालुका, सर्वेक्षण क्रमांक, क्षेत्रफळ, सध्याचा झोन व प्रस्तावित झोन दिलेले असतात. देवळाच्या दारावर ती कोणी लावून जात नाही. मुदत तीस दिवसांची असेल तर ते दिवस राजपत्र निघाल्यापासून मोजले जातात, आपण वाचल्यापासून नव्हे.

गोव्यात ग्रामसभेच्या सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांतील रविवारी होतात. नोटीस फेब्रुवारीच्या आरंभी निघाली तर मुदत दोन ग्रामसभांच्या मध्येच संपून जाईल. म्हणून विशेष ग्रामसभेची लेखी मागणी लगेच करावी, परंतु तिच्या ठरावाची वाट पाहत स्वतःची हरकत थांबवू नये.

माहितीच्या अधिकाराचेही तसेच आहे. २००५ च्या त्या कायद्यानुसार उत्तरासाठी तीस दिवसांचा अवधी असतो. अर्ज, नकाशे व अहवाल पाहून मग हरकत लिहू असे ठरविले तर कागद हाती येईपर्यंत मुदत टळलेली असते. माहितीचा अर्ज जरूर करावा, पण हाती असलेल्या माहितीवर हरकत मुदतीत द्यावी आणि "कागदपत्रे मिळाल्यावर पूरक म्हणणे मांडण्याचा हक्क राखून ठेवीत आहोत" असे तीत लिहावे.

हरकतीत काय लिहावे

चांगली हरकत एका पानाची असली तरी चालते. तीत पुढील बाबी असाव्यात:

१. नोटिशीचा क्रमांक व दिनांक, गाव, सर्वेक्षण क्रमांक आणि उपविभाग.

२. आपला संबंध. आपण शेजारी मालक, कूळ, रहिवासी, की महाजन?

३. त्या जागेची आजची वस्तुस्थिती. तेथे काय पिकते, पाणी कोठून येते, कोठे जाते, वाट कोणती, उतार किती. उताराचे छायाचित्र, ओढ्याची जागा दाखविणारा सर्व्हे प्लॅन जोडावा.

४. बदल झाल्यास नेमके काय बिघडेल.

५. आपली मागणी. पूर्ण नकार हवा, की काही भाग वगळणे, की पाण्याच्या वाटेपासून अंतर राखण्याची अट?

६. प्रत्यक्ष सुनावणीची विनंती, पूर्ण पत्ता व सही.

चौथा मुद्दा आपल्याच उदाहरणाने स्पष्ट करतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक चार महिन्यांत. आपला डोंगर जांभ्या दगडाचा आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी माथ्यावर मुरते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आपली तळी त्या झऱ्यावर भरते, तळीचे पाणी पाटाने खालच्या कुळागरांना जाते आणि शेवटी शेतात उतरते. माथ्यावर फरसबंदी झाली की पावसात पाणी वेगाने खाली येईल आणि उन्हाळ्यात झरा आटेल. एकाच कारणाने पूर आणि टंचाई अशी दोन्ही संकटे येतात. मागील पत्रात आम्ही भावना लिहिल्या. हे लिहावयास हवे होते. देवाच्या स्नानाचे पाणी आणि माडा-पोफळीचे पाणी एकच आहे, ही गोष्ट नकाशासह मांडली तर ती नियोजनाची हरकत ठरते.

पालखीचा मार्ग, जत्रेची मोकळी जागा यांचाही उल्लेख करावा, मात्र तो किती वर्षांचा वहिवाट मार्ग आहे, कोणत्या सर्वेक्षण क्रमांकांतून जातो आणि देवस्थानाच्या दप्तरात त्याची नोंद कोठे आहे, हे सांगून.

काय लिहू नये

अर्जदाराचा धर्म, प्रांत, भाषा किंवा श्रीमंती यांविषयी एक अक्षरही लिहू नये. ते अनुचित तर आहेच, शिवाय त्याने खरी कारणे झाकली जातात. ऐकीव आरोप करू नयेत. एकाच मजकुराच्या दोनशे प्रतींपेक्षा वेगवेगळ्या दहा जणांनी स्वतःच्या विहिरीविषयी, वाटेविषयी लिहिलेली दहा पत्रे अधिक उपयोगी पडतात. प्रत्येक पत्र प्रत्यक्ष आवकात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घ्यावा. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर "आम्ही मुदतीत सांगितले होते" याचा पुरावा तोच.

ज्यांची जमीन आहे त्यांच्यासाठी

आमच्या महाजनांपैकी काहींच्या जागा याच उतारावर आहेत. भाऊ वाढले, घर वाटून पुरेना, आणि वडिलोपार्जित भाटात एक खोलीही बांधता येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांना आम्ही परके मानीत नाही. सूचना देण्याचा अधिकार विरोध करणाऱ्यांना जसा आहे तसाच बदल मागणाऱ्यांनाही आहे. त्यांनी पायथ्याच्या सपाट भागापुरता बदल मागावा, माथा व झऱ्याची वाट सोडावी, असे आमचे नम्र सांगणे आहे. तसे झाल्यास देवस्थान त्यांच्या विरोधात पत्र देणार नाही. ज्या समिती सदस्यांची स्वतःची जमीन प्रस्तावात असेल त्यांनी त्या विषयावरील चर्चेत व मतदानात भाग घेऊ नये, असे गेल्या बैठकीत सर्वानुमते ठरले आहे.

देवस्थानाची तयारी

तळी, झरा, पाट, पालखीची वाट व जत्रेची जागा दाखविणारा एक नकाशा सर्वेक्षण क्रमांकांसह आम्ही तयार करवून घेत आहोत. राजपत्र नियमित पाहण्याचे काम दोन तरुण कुळाव्यांनी स्वीकारले आहे. आपल्या गावाचा उल्लेख आढळताच त्याच दिवशी या पानावर व देवळाच्या फलकावर सूचना लागेल. मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच समितीची बैठक होईल.

वयोवृद्ध मंडळींना एक विशेष विनंती आहे. झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, तळी केव्हा आटली होती, पाटाचे पाणी कोणाच्या कुळागरात कोणत्या क्रमाने जात असे, हे आपल्याला ठाऊक आहे. कोठेही लिहिलेले नाही. सोमवारच्या आरतीनंतर कार्यालयात येऊन ते सांगावे. आम्ही लिहून घेऊ आणि आपली सही घेऊ. ज्यांनी तळी पाहिली, राखली, उपसली, त्यांचे शब्द या कामी लागणार आहेत.

आपला नम्र,
चिटणीस, देवस्थान समितीच्या वतीने