पेटीचा गंधार वेगळा, तंबोऱ्याचा वेगळा! मोबाइलवरच्या टोन जनरेटरवर स्वतः ऐकून बघा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात गाणं शिकायला सुरुवात होते ती बहुधा पेटीवर. भजनी मंडळात पेटी, शाळेच्या प्रार्थनेला पेटी, आणि अलीकडे पेटीच्या जागी मोबाइलवरचा कीबोर्ड. पट्टी दाबली की सूर तयार! तरीही जुनेजाणते गवई शिष्यांना सांगतात की गळा पेटीच्या मागे नेऊ नका, तंबोऱ्यात मिसळा. दोन्हीत असा काय फरक आहे, हे मुलांना कळत नाही. पूर्वी हा फरक दाखवायला चांगला जुळवलेला तंबोरा आणि तयार कानाचे गुरुजी लागायचे. आता इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या टोन जनरेटरवर तो पाच मिनिटांत ऐकता येतो.

टोन जनरेटर म्हणजे काय?

हवा सेकंदाला किती वेळा कंप पावते, त्यावर सुराची उंची ठरते. विज्ञानाच्या पुस्तकात याला वारंवारिता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. संगीताच्या पुस्तकात हीच गोष्ट आंदोलनसंख्या म्हणून भेटते. टोन जनरेटरमध्ये आकडा टाकायचा, बटण दाबायचं, की नेमका तेवढ्या आंदोलनांचा सूर वाजतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि वय वाढेल तशी वरची मर्यादा खाली येते. गाण्याचं मुख्य काम मात्र शंभर ते हजारच्या दरम्यानच चालतं.

संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्ज २४० धरायची पद्धत आहे. पेटीच्या भाषेत ही जागा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधली. या हिशेबाने पंचम ३६०, तार षड्ज ४८०. विद्यार्थी हे आकडे परीक्षेसाठी पाठ करतात, पण ते कानाने ऐकलेले फार थोडे असतात.

एकाच सुराचे तीन आकडे

ब्राउझरमध्ये टोन जनरेटर दोन टॅबमध्ये उघडा. एकात २४० लावा, दुसऱ्यात ३६०. सा आणि पंचम एकमेकांत विरघळतात. आता ३६० च्या जागी गंधार लावायचा आहे. पण कुठला?

सा आणि गंधार यांचं प्रमाण ४ ला ५ असं धरलं तर गंधार येतो ३०० वर. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून पेटीचा गंधार येतो ३०२.४ वर. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी वीणेच्या तारेच्या लांबीवरून जो हिशेब मांडला, त्यात शुद्ध गंधार ३०१.४ च्या आसपास आहे. म्हणजे ज्याला सगळे शुद्ध गंधार म्हणतात, त्या एका सुराचे तीन आकडे!

फरक ऐकायचा तर एका टॅबमध्ये ३०० आणि दुसऱ्यात ३०२.४ एकदम वाजवा. आवाज लाटेसारखा लहान-मोठा होताना ऐकू येईल. याला विस्पंद म्हणतात. सेकंदाला जितके हेलकावे, तितका दोन सुरांतला फरक. इथे दहा सेकंदांत साधारण २४ हेलकावे मोजता येतात. ३०१.४ लावलं तर तेच १४ वर येतात. दोन्हीकडे ३०० केलं की हेलकावे थांबतात. हे ऐकताना हेडफोन नको, स्पीकरच वापरा. काही जनरेटर पूर्णांकच घेतात, तिथे ३०० आणि ३०२ लावून बघितलं तरी चालेल.

तंबोऱ्यात गंधार येतो कुठून?

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, दोन जोड आणि खर्ज एवढंच. पण मध्य सा २४० असेल तर खर्जाची तार १२० वर असते आणि तार एकट्या १२० ने कधीच वाजत नाही. तिच्यात दुप्पट २४०, तिप्पट ३६०, चौपट ४८०, पाचपट ६०० असे उपस्वरही मिसळलेले असतात. ६०० म्हणजे ३०० च्या गंधाराचाच तार सप्तकातला सूर. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच.

टोन जनरेटरवर साधी म्हणजे साइन लाट निवडली तर एकच सूर मिळतो. करवतीच्या दातांसारखी, म्हणजे सॉटूथ लाट निवडली की हे सगळे उपस्वर येतात. आधी ६०० चा साधा सूर ऐकून कानात ठेवा, मग १२० ची सॉटूथ लाट लावा. लक्ष दिलं तर तिच्या पोटात तो गंधार सापडतो. आता त्याच्यावर पेटीचा तार गंधार, म्हणजे ६०४.८, वाजवून बघा. लगेच खडखड जाणवते. तंबोऱ्यासोबत पेटी वाजताना नेमकं हेच घडतं.

तंबोऱ्यात उपस्वर इतके ठळक होतात ते जवारीमुळे. रुंद, किंचित बाकदार घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांची ही करामत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या या वैशिष्ट्यावर शोधनिबंध लिहिला. तंबोरे बनवणारं मिरज बेळगावहून रेल्वेने थेट जोडलेलं आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

सांगलीतला खटाटोप

ज्या प्रश्नाला आज पाच मिनिटं लागतात, त्यासाठी शंभर वर्षांपूर्वी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली. सूर मोजून त्यांनी बावीस श्रुतींची मांडणी केली आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. या कामात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ त्यांच्यासोबत होते. खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले. ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुती वाजवणारी खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बरीच चर्चा झाली, पण ती पेटी घरोघरी काही पोचली नाही.

पेटीवरचा राग मात्र टिकला. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

घरची पेटी तपासायची तर

जुन्या पेटीचे सूर वर्षानुवर्षांच्या वापराने सरकतात. मध्य सप्तकातली काळी एक २७७.२ वर असायला हवी. जनरेटरवर तो आकडा लावा आणि पेटीची पट्टी दाबून धरा. हेलकावे नसतील तर ठीक. सेकंदाला चार हेलकावे आले तर सूर चार हर्ट्झने सरकलाय. वर की खाली, हे हेलकाव्यांवरून कळत नाही. त्यासाठी आकडा एकेकाने वर-खाली करायचा. जिथे हेलकावे थांबतात, तो तुमच्या पेटीचा खरा सूर. मात्र कानस घेऊन सुरांच्या पट्ट्या घासायला बसू नका. ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्याचं.

मग पेटी सोडायची का?

अजिबात नाही. बारा सारखे भाग केल्यामुळेच कुठलीही पट्टी सा धरून गाता येतं. काळी एकचा गायक उठला आणि काळी पाचची गायिका बसली, तरी तीच पेटी चालते. भजनी मंडळाला दुसरं काय हवं? कागवाडला जन्मलेले आणि बेळगावात राहिलेले पं. रामभाऊ विजापुरे यांनी तर पेटीच्या साथीतच आयुष्य घालवलं आणि मोठमोठे गवई त्यांना साथीला घेत. पेटी कुठे पुढे आणायची, कुठे मागे ठेवायची, हे तयार साथीदाराला कळतं.

अडचण येते ती कान तयार होण्याआधीच कीबोर्ड हाती येतो तेव्हा. मुलगा रोज ३०२.४ ऐकतो, गळ्यात तेच बसतं, आणि पुढे तंबोऱ्यावर बसल्यावर गंधार का लागत नाही म्हणून रडकुंडीला येतो. रियाजाआधी पाच मिनिटं २४० आणि ३०० एकत्र लावा, त्यात गळा मिसळू द्या, आणि आवाज बेताचाच ठेवा. सा तुमचा वेगळा असेल तर त्याला सव्वाने गुणा, गंधार मिळेल. त्यानंतर खुशाल पेटी उघडा.