शेततळ्याच्या कागदाचा जोड सुटल्यास : गळती शोधणे आणि दुरुस्ती

मार्चमध्ये भरलेले शेततळे फारसा उपसा नसतानाही एप्रिलच्या मध्यावर अर्ध्यावर आले, की बहुतेक जण उन्हाला दोष देतात. बाष्पीभवन होतेच, पण कडक उन्हाळ्यातही ते साधारणपणे दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास असते. पातळी त्याहून बरीच वेगाने उतरत असेल तर पाणी अस्तराच्या कागदाखाली जात आहे असे समजावे आणि पहिला संशय जोडावर घ्यावा.

30 × 30 × 3 मीटरचे तळे भरलेले असताना 1 सेंमी पातळी म्हणजे 9,000 लिटर पाणी. गळतीने रोज 2 सेंमी गेले तर 18,000 लिटर वाया. एकरातील डाळिंबाच्या 300 झाडांना रोज प्रत्येकी 50 लिटर धरले तरी 15,000 लिटर पुरतात. म्हणजे सुटलेला जोड एका एकराच्या बागेचे पाणी पितो.

आधी बादली, मग दुरुस्ती

बादलीत दगड टाकून ती पाण्याने भरावी आणि काठ पाण्यावर राहील अशी तळ्यातच उतारावर दोरीने बांधून ठेवावी. बादलीच्या आत आणि बाहेर, दोन्ही पाण्याच्या पातळ्यांवर खूण करावी. तीन दिवस मोटर बंद ठेवून दोन्हींची घट मोजावी. आतली घट हे बाष्पीभवन. बाहेर जितकी जास्त, तितकी गळती.

जागा शोधण्याची खूण अशी, की पाणी फाटलेल्या जागेच्या खाली गेले की जादा घट थांबते. त्यामुळे पातळी जिथे स्थिरावते, त्या रेषेवरचे जोड हाताने तपासावेत. बांधाच्या बाहेरच्या बाजूला उन्हाळ्यातही एखाद्याच पट्ट्यात हिरवे गवत दिसत असेल तर तीही खूण समजा.

जोड का सुटतो

एचडीपीई कागद उन्हात पसरतो आणि रात्री आकसतो. 30 मीटर लांबीत 40 अंशांच्या फरकाने हा बदल 15 सेंमी किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. दुपारी ताणून अंथरलेला कागद पहाटे आखडतो आणि सगळा ताण जोडावर येतो. त्यात वेल्डिंगच्या वेळी मधे धूळ किंवा दव राहिले असेल तर जोड वरून चिकटलेला दिसतो, पण आतून कच्चा असतो. काळ्या जमिनीत भराव खचणे हे आणखी एक कारण. कागद खाली लोंबकळतो आणि वरून पाण्याचे वजन पडते.

डिंक, पीव्हीसी पाइपचे सोल्युशन, डांबर हे सगळे उपाय शेतात होताना दिसतात. पॉलिइथिलीनच्या पृष्ठभागाला यातले काहीही पक्के धरत नाही. चार दिवस टिकते, मग पापुद्र्यासारखे निघते आणि पुढच्या वेल्डिंगला ती घाण आडवी येते ती वेगळीच. अगदीच अडले तर ब्युटाइल टेप लावावी, पण ती तात्पुरती. कायमचा उपाय म्हणजे उष्णतेने वितळवून केलेला जोड.

दुरुस्ती करताना

तळे पूर्ण रिकामे करू नये. तळाशी पाणी राहिले तर कागद वाऱ्याने उचलला जात नाही. पातळी सुटलेल्या जागेच्या खाली फूटभर उतरवली की पुरते.

आता सर्वांत दुर्लक्षित काम. फटीतून हात घालून कागदाखालची माती तपासावी. बरेच दिवस गळती असेल तर तिथे पोकळी तयार झालेली असते. ती न भरता वर पट्टी मारली तर तळे भरल्यावर पट्टीसकट कागद पुन्हा फाटतो. ओली माती सुकू द्यावी, खडे काढलेली चाळलेली माती भरून ठोकून घ्यावी. घाई करायची नाही ती इथे.

नंतर जोडाच्या दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून बारीक पॉलिश पेपरने हलक्या घासाव्यात. जुन्या कागदाचा वरचा थर उन्हाने खराब झालेला असतो, तो निघाल्याशिवाय वितळ एकजीव होत नाही. पट्टी त्याच प्रकारच्या आणि जाडीच्या कागदाची असावी, फाटलेल्या भागाच्या चारही बाजूंना 15 सेंमी पुढे जाणारी आणि कोपरे गोल कापलेली. टोकदार कोपरा आधी उचकटतो. जोडाला माशाच्या तोंडासारखी घडी पडली असेल तर घडी दाबून चिकटवू नये. ती कापून सपाट करावी आणि वर पट्टी लावावी.

हॉट एअर गनची उष्णता किती ठेवायची हे आधी तुकड्यांवर ठरवावे. दोन तुकडे जोडून थंड झाल्यावर ओढून पाहावेत. कागद फाटला आणि जोड तसाच राहिला तर उष्णता बरोबर. जोडच सुटला तर कमी पडली. विणलेल्या लॅमिनेटेड कागदावर उष्णता जास्त झाली की वीण आकसून तिथेच तो कमजोर होतो. गरम करत लगेच रोलरने दाबत पुढे जावे. काम सकाळी दव वाळल्यावर आणि वारा नसताना करावे. कागद ताणून धरू नये. थंड झाल्यावर बोथट स्क्रू ड्रायव्हर जोडाच्या कडेने फिरवावा, तो कुठे आत शिरला तर तेवढा भाग पुन्हा करावा.

घडी घालताच कागदाला तडे जात असतील तर वेल्डिंगवर पैसे घालू नयेत, तो कागदच संपला आहे. आणि हमीची मुदत बाकी असेल तर हात लावण्याआधी फोटो काढून पुरवठादाराला लेखी कळवावे, नाहीतर ‘तुम्हीच खराब केले’ हे उत्तर ठरलेले आहे.

एकट्याने उतरू नका

ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही आणि पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. काठावरच्या झाडाला किंवा खुंट्याला गाठी मारलेला दोर बांधावा, हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवावी आणि दुसरा माणूस वरच थांबावा. गनच्या वायरचा जोड ओल्या कागदावर पडू देऊ नये.

दुरुस्तीनंतर तळे एकदम भरू नये. पाणी पट्टीच्या वर हातभर चढवून बादलीची तीच चाचणी पुन्हा तीन दिवस करावी आणि आतली-बाहेरची घट सारखी आली की मगच पुढे भरावे.