चित्रपटाचे पाठभेद आणि समीक्षा : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

चित्रपट एकदाच तयार होतो आणि सर्वत्र सारखाच दिसतो, अशी सर्वसामान्य प्रेक्षकाची समजूत असते. ग्रंथांच्या बाबतीत ही समजूत आपल्याकडील अभ्यासकांनी केव्हाच सोडून दिली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्णत्वास गेली. या प्रदीर्घ उद्योगामागे एकच साधा प्रश्न होता : आपण ज्याला महाभारत म्हणतो तो पाठ नेमका कोणता? हाच प्रश्न चित्रपटाला मात्र क्वचितच विचारला जातो. चित्रपटरसिक आपसांत वगळलेली दृश्ये, बदललेला शेवट, आगामी चित्रपट आणि समीक्षकांची मते यांवर हिरिरीने वाद घालतात. परंतु दोन वाद घालणाऱ्यांनी एकच चित्रपट पाहिलेला असतो असे नाही. प्रस्तुत लेखात या पाठभेदांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला असून, त्यासाठी शक्यतो रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागाशी व त्याच्या शेजाराशी निगडित उदाहरणे घेतली आहेत.

वांगणी आणि हरवलेला हरिश्चंद्र

कल्याणहून कर्जतकडे जाताना नेरळच्या अलीकडे वांगणी हे स्थानक लागते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील बाह्यदृश्ये याच परिसरात चित्रित केली. तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला, ही हकिकत चित्रपटविषयक लेखनात वारंवार सांगितली जाते. तिच्यापेक्षा महत्त्वाची आणि कमी सांगितली जाणारी गोष्ट निराळी आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झालेला हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट, म्हणजे चार रिळांचा होता. १९१७ मध्ये फाळके यांनी तीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले व शेवटचे रीळ मिळून सुमारे १,४७५ फूट शिल्लक आहे. आणि हे अवशेष १९१३ च्या चित्रपटाचे की १९१७ च्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे भारतीय चित्रपटाचा ‘आरंभ’ म्हणून वर्गात जी दृश्ये दाखविली जातात, ती कदाचित दुसऱ्या आवृत्तीतील असतील.

येथे लांबीच्या हिशेबाचाही विचार करावा लागतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. मूकपटाच्या काळी प्रचलित असलेल्या, सेकंदाला सुमारे १६ चौकटींच्या गतीने ३,७०० फुटांना जवळजवळ ६२ मिनिटे लागतील. बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने तीच फिल्म ४१ मिनिटांत संपेल. ‘राजा हरिश्चंद्र’ चाळीस मिनिटांचा होता, असे जे पाठ्यपुस्तकी विधान आढळते ते बहुधा या दुसऱ्या हिशेबावर उभे असावे. एकाच फिल्मचे, एकही फूट न कापता, दोन अनुभव संभवतात. मूकपटातील माणसे घाईघाईने चालतात म्हणून हसणाऱ्या विद्यार्थ्याला त्या काळच्या अभिनयाचा नव्हे, तर चुकीच्या गतीचा दोष दिसत असतो.

दोन भाषा, दोन चित्रपट

हरिश्चंद्राची कथा येथेच थांबत नाही. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती स्वतंत्रपणे चित्रित केली. भाषांतरित ध्वनी जोडण्याची सोय रुळण्यापूर्वी हाच मार्ग होता. ‘कुंकू’ व ‘दुनिया न माने’ (१९३७) आणि ‘माणूस’ व ‘आदमी’ (१९३९) या जोड्या सर्वपरिचित आहेत. या दृष्टीने १९४१ चा ‘शेजारी’ विशेष बोधप्रद ठरतो. मराठी चित्रपटात हिंदू शेजाऱ्याची भूमिका केशवराव दाते यांनी, तर मुसलमान शेजाऱ्याची गजानन जागीरदार यांनी केली. हिंदी ‘पडोसी’मध्ये जागीरदार मुसलमान शेजारीच राहिले; परंतु हिंदू शेजाऱ्याच्या भूमिकेत मजहर खान हे मुसलमान नट आले. ही अदलाबदल हिंदी आवृत्तीच्या आशयाचाच भाग बनते. केवळ ‘शेजारी’ पाहिलेल्याला ती दिसणार नाही, आणि केवळ ‘पडोसी’वरचे लेखन वाचून ‘शेजारी’चे मूल्यमापन केल्यास ते फसेल.

‘शोले’ : कात्री कोणाची?

पाठभेदाचे सर्वांत चर्चित उदाहरण ‘शोले’चे आहे. चित्रपटातील रामगढ कर्नाटकातील रामनगरम येथे उभे राहिले. परंतु आगगाडीवरील हल्ल्याचा दीर्घ प्रसंग खालापूरला लागून असलेल्या पनवेल परिसरात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, चित्रित झाला. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी पुकारली गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही आणि ऐनवेळी पोलीस येऊन त्याला थांबवितात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. सचिन यांनी साकारलेल्या अहमदच्या हत्येचे दृश्यही गाळले गेले.

या चित्रपटाचे संकलन मा. शि. शिंदे या नावाने नव्हे, तर एम. एस. शिंदे या नावाने श्रेयनामावलीत येते. आणि ‘शोले’ला मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक या मराठी संकलकालाच मिळाले. ते पारितोषिक अर्थातच सेन्सॉरसंमत आवृत्तीला मिळाले. संकलकाची कात्री आणि शासनाची कात्री यांचे काम एकाच फिल्मवर एकत्र दिसते आणि पडद्यावर ते वेगळे करता येत नाही, ही यातील खरी अडचण आहे.

आता समीक्षेचा प्रश्न घेऊ. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवसांत ‘शोले’ची समीक्षा बरीचशी प्रतिकूल होती. प्रतिसाद थंड पाहून जयला जिवंत ठेवणारा नवा शेवट चित्रित करावा काय, याचा निर्मात्यांच्या गटात विचार झाला. तो प्रत्यक्षात आला नाही. पुढे प्रेक्षकांनी समीक्षकांना खोटे ठरविले, असे सांगण्याची प्रथा पडली. परंतु त्या समीक्षकांनी पाहिला तो पोलिसांनी संपविलेला चित्रपट होता. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेली, मूळ शेवट असलेली आवृत्ती २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविली गेली आणि १२ डिसेंबर २०२५ पासून भारतातील चित्रपटगृहांत आली. ही आवृत्ती पाहिलेला विद्यार्थी १९७५ च्या समीक्षेतील उतारा घेऊन तिचे खंडन करू लागला, तर तो समीक्षकाने न पाहिलेल्या दृश्याबद्दल त्याला जाब विचारत असतो. महाविद्यालयीन निबंधांत ही चूक सहज शिरते, कारण संदर्भात चित्रपटाचे नाव व वर्ष येते, आवृत्ती येत नाही.

प्रदर्शनापूर्वीचे मत

आगामी चित्रपटाविषयीच्या चर्चेला तर कोणताच पाठ उपलब्ध नसतो. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ सर्वत्र ‘कर्जतचा’ म्हणून ओळखला जातो. वास्तविक तो चौकजवळ, खालापूर तालुक्यात आहे. ‘जोधा अकबर’साठी तेथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. १५ फेब्रुवारी २००८ रोजी चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच जोधा या नावाच्या ऐतिहासिकतेवरून विरोध पेटला आणि राजस्थानात तो चित्रपटगृहांत लागू शकला नाही. तेथील वाद न पाहिलेल्या चित्रपटावर झाला. साडेतीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर जाहिरातींच्या खंडांसह पाहणाऱ्याचे मत आणि चित्रपटगृहात सलग पाहणाऱ्याचे मत यांतही अंतर पडणारच.

२ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांचे याच स्टुडिओत निधन झाले आणि पुढील काळात तो राज्य शासनाच्या चित्रपट महामंडळाकडे आला. नेपथ्य मोडले की त्याची नोंद फक्त फिल्मवर उरते. म्हणून तेथे तयार झालेल्या कलाकृतींची कोणती प्रत, किती लांबीची, कोणत्या प्रमाणपत्राची, कोठे जतन झाली आहे, ही माहिती या परिसरातील महाविद्यालयांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून गोळा करता येण्याजोगी आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्रावर लांबी नोंदलेली असते आणि पूर्वी प्रत्येक भाषेतील आवृत्तीला स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागत असे. चित्रपटाच्या आरंभी काही क्षण दिसणारा तो कागद थांबवून वाचला, तरी समोरचा पाठ कोणता याचा पहिला पुरावा हाती येतो.