दोरी न बांधण्याचे ज्ञान

प्रथमोपचार म्हटले की कापूस, पट्ट्या आणि टिंक्चर आयोडीनची पेटी डोळ्यांपुढे येते. अकरावीत असताना एका परिचारिकाताईंनी आमच्या वर्गाला तीन दिवस हा विषय शिकविला, तेव्हा माझीही कल्पना तीच होती. त्यांनी मात्र पेटी न उघडता फळ्यावर दोन रकाने आखले : ‘करावे’ आणि ‘करू नये’. तास संपला तेव्हा दुसरा रकाना पहिल्याहून लांब झाला होता.

आपल्या अकोट तालुक्यात या दुसऱ्या रकान्याची परीक्षा पाहतो तो सर्पदंश. सातपुड्याच्या पायथ्याचा हा कपाशीचा मुलूख. पावसाळ्यात निंदणाला वाकलेल्या बायांचा हात किंवा पाय साप दिसण्यापूर्वीच त्याच्यावर पडतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. पहिल्या दोघांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, पुढे श्वास मंदावतो. घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही.

एवढे समजले की जुन्या उपायांतील धोका आपोआप ध्यानात येतो. दोरी आवळली की अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो व तो निकामी होऊ शकतो. शिवाय दोरी सोडताच अडलेले विष एकदम शरीरभर पसरते. जखमेवर चीर दिली, तर न गोठणारे रक्त वाहतच राहते. तोंडाने ओढून विष निघत नाही. साप मारून नेण्याचीही गरज नाही, कारण आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते.

मग करावे काय? धीर द्यावा. सूज चढण्यापूर्वी अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात. मोडलेल्या हाडाला देतात तसा काठीचा आधार देऊन अवयव स्थिर ठेवावा. पट्टीखालून बोट सहज जाईल इतकीच ती घट्ट असावी. रोग्याला चालवू नये, दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि मिळेल त्या वाहनाने, किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, रुग्णालय गाठावे. वांती होत असल्यास त्याला कुशीवर निजवावे.

बारावीच्या वर्षी, ऑगस्टात, शेजारच्या काकूंना शेतात साप चावला. साप कोणी पाहिला नव्हता. “दोरी आण वं, आवळून बांध!” असा एकच गलका झाला. तेव्हा मला उमगले, की भ्यालेल्या माणसांना नुसते ‘करू नका’ म्हणून भागत नाही. त्यांच्या हातांना दुसरे काम द्यावे लागते. मी म्हटले, “आबाजी, दोरी राहू द्या. तुमी काठी धरा, पाय हालू देऊ नका.” एकाला गाडी आणायला पिटाळले, एकीला जोडवी काढायला लावली. मग दोरीचा विषय निघालाच नाही. रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलविता ठेवले. ते गोठले नाही, म्हणून प्रतिविष सुरू केले. पाचव्या दिवशी काकू घरी आल्या.

फवारणीच्या विषबाधेलाही हाच न्याय लागू पडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर तिने दगावले. अशा रोग्याला मीठपाणी पाजून वांती करवू नये. त्याला शेताबाहेर आणावे, भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवावा, म्हणजे विष कोणते ते कळते.

अकोटाहून अकोला सुमारे ४५ किलोमीटर. डॉक्टरांचे काम रुग्णालयात सुरू होते; तोवरचा वेळ आपल्या हाती असतो. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ मुलेमुली खेड्यांतून येतात. पेरणीपूर्वी प्रत्येक वर्गाने या दोन रकान्यांसाठी एक तास दिला, तर तितक्या गावांत दोरी मागणाऱ्या हातांत काठी देणारे कोणीतरी असेल.