खडीची वाट आणि उतारवयातील सायकल

उन्हाळ्याचे चार-सहा महिने अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेल्या आईवडिलांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. घर प्रशस्त असते, नातवंडे जवळ असतात. पण पायी जाऊन यावे असे आसपास काही नसते. मोटार चालवता येत नाही आणि दिवस खिडकीशी बसून सरतो. अशा घराजवळ एखादी ‘रेल-ट्रेल’ असेल, तर तिची ओळख अवश्य करून घ्यावी.

बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी तयार केलेली वाट म्हणजे रेल-ट्रेल. विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा ही अशी वाट १९६७ मध्ये खुली झाली. मिसुरी राज्यातील केटी ट्रेल सुमारे ३८५ किलोमीटर लांब आहे, तर पिट्सबर्ग ते कंबरलँड ही ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज सुमारे २४० किलोमीटर. एवढे अंतर कोणी कापावे असे नाही. जाऊन-येऊन चार किलोमीटरही पुरेत. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, म्हणून या वाटा मंद चढाच्या असतात. ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेजच्या सर्वांत चढाच्या भागातही शंभर मीटर अंतरात जेमतेम पावणेदोन मीटर चढ आहे. शिवाय वाटेवर मोटारींची वर्दळ नसते.

अडचण असते ती पृष्ठभागाची. वर उल्लेखिलेल्या वाटांवर बहुतांश डांबर नाही, चुनखडीची बारीक, दाबून बसवलेली कच आहे. कोरडी असताना ती घट्ट असते. पावसानंतर मऊ पडते आणि कडेला सुटी राहते. अशा जागी चाक घसरते ते बहुधा वेगात जाताना नव्हे. थांबताना, वळताना किंवा उतरताना. उतारवयात पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाला धोका, हे आपण जाणताच. पण त्या भीतीने हालचालच सोडली, तर स्नायू आणि तोल दोन्ही दुबळे होतात, आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. म्हणून सायकल निवडताना ती किती छान धावते हे नंतर पाहावे. तिच्यावर चढणे, थांबणे आणि उतरणे आपल्याला किती सहज जमते, हे आधी पाहावे.

आधी शरीराला विचारा

ओट्याजवळ, हात टेकता येईल अशा अंतरावर उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळता येतो का? खुर्चीचे हात न धरता उठता येते का? मान वळवून मागे पाहता येते का? ही परीक्षा एकट्याने करू नये, घरच्या कोणाला तरी शेजारी उभे करावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर दोन चाकांचा विचार करण्यास हरकत नाही. ‘नाही’ असेल, तर तीन चाकांकडे वळावे. दुसऱ्या उत्तरावरून आसनाची उंची ठरते. तिसरे उत्तर ‘नाही’ असेल, तर हँडलला आरसा हवाच.

दोन चाकांची निवडताना

मधली आडवी दांडी नसलेली, पाय फारसा न उचलता मधून ओलांडता येईल अशी सायकल स्त्री-पुरुष दोघांनाही सोयीची. टांग टाकून चढण्याची तरुणपणीची सवय आता सोडलेली बरी. काही सायकलींत पायडल आसनाच्या थोडे पुढे बसवलेले असते. त्यामुळे आसनावर बसूनच दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, आणि थांबताना खाली उतरावे लागत नाही. खडीच्या वाटेसाठी ही रचना फार उपयोगी ठरते. गुडघा बदललेला असेल, तर शल्यविशारदांची परवानगी घ्यावी. पायडल पूर्ण फिरण्यासाठी गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. कमी वाकत असेल, तर पायडलचा आखूड दांडा बसवून घेता येतो.

तीन चाके म्हणजे निर्धोक नव्हे

मागे दोन चाके, उंच आसन आणि टोपली असलेली तीनचाकी उभी असताना कलंडत नाही, म्हणून तिच्याबद्दल विश्वास वाटतो. मात्र वळणावर ती दुचाकीप्रमाणे आत झुकत नाही. वेग जास्त असेल, तर आतल्या बाजूचे मागचे चाक उचलले जाते. वळणापूर्वीच वेग चालण्याइतका कमी करावा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावे. आयुष्यभर दुचाकी चालवलेल्यांना हे नव्याने शिकावे लागते.

दुसरा प्रकार पुढे दोन चाके आणि मागे एक चाक असलेल्या, आरामखुर्चीसारखे टेकून बसण्याच्या तीनचाकीचा. ती जमिनीलगत असल्याने सहसा कलंडत नाही. पाठ, मनगटे आणि मान यांवरही ताण येत नाही. परंतु खोल आसनातून उठायला मांड्यांत बळ लागते. विकत घेताना उंच आसनाचा नमुना मागावा. पायडलवरून पाय निसटून जमिनीला लागला, तर तो गाडीखाली ओढला जाऊन गंभीर इजा होऊ शकते. म्हणून टाच धरून ठेवणारे पायडल आवश्यक आहेत. साडीचा पदर आणि ओढणी चाकाजवळ येतात, तेव्हा आटोपशीर पोशाख घालावा. गाडी बुटकी असल्याने मागे उंच झेंडा लावावा.

कोणतीही तीनचाकी असो, बसताना-उठताना चाके जागच्या जागी धरून ठेवणारा हातब्रेक नसेल, तर ती घेऊ नये.

टायर आणि मोटर

अरुंद टायर मऊ कचेत रुततो. निदान ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर असावा. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत, पण थोडी कमीच ठेवावी, म्हणजे धक्के कमी बसतात आणि पकड वाढते. ओल्या कचेचे शिंतोडे टाळण्यासाठी मडगार्ड हवेत.

विजेच्या मोटरची मदत परतीच्या वाटेवर थकलेल्या पायांना मोठा आधार देते. मात्र पायडल हलताच एकदम पुढे झेपावणारी मोटर वृद्धांसाठी योग्य नाही. पायाने दिलेल्या जोराच्या प्रमाणात साथ देणारी निवडावी. अशा सायकली वीस-पंचवीस किलोंच्या असतात. ती मोटारीवर कोण चढवणार, हेही घरात आधी ठरवावे. मोटरच्या सायकलीसंबंधी प्रत्येक वाटेचे नियम वेगळे असतात, ते पाहून घ्यावेत.

घरच्यांसाठी

रक्तदाबाच्या औषधांमुळे एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते; खोल आसनातून उठल्यावर क्षणभर धरून उभे राहू द्यावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना डोक्याला मार बसला, तर बरे वाटत असले तरी ताबडतोब वैद्यकीय तपासणी करावी. मधुमेहींनी साखर जवळ बाळगावी. हेल्मेट, पाणी, फोन आणि प्रवासी आरोग्यविम्याचा तपशील बरोबर असावा. आणखी एक : अमेरिकेत उजव्या बाजूने चालवतात, आणि पुढच्याला घंटी वाजवून डावीकडून ओलांडतात. आपली डावीकडची सवय संकटाच्या क्षणी उसळून येते, म्हणून पहिले काही दिवस कोणीतरी सोबत असावे.

विकत घेण्याची घाई नको. अनेक मोठ्या वाटांलगतच्या दुकानांत सायकली, आणि काही ठिकाणी तीनचाकीही, भाड्याने मिळतात. रोजचे बूट घालून, दुकानाच्या फरशीवर नव्हे तर प्रत्यक्ष खडीवर एक प्रयोग करावा : चढावे, वीस पावले अंतर जावे, थांबावे, उतरावे, असे दहा वेळा. दहाव्या वेळीही श्वास शांत आणि मन निर्धास्त असेल, तर ती सायकल आपली. तसे नसेल, तर दुसरी पाहावी. आणि त्या दिवशी कोणतीच जमली नाही, तरी ती वाट पायी चालण्यासाठीही तितकीच खुली आहे.