गवतातून येणारा ताप

पावसाळा उतरणीला लागला की विदर्भातील रुग्णालयांत डेंग्यू आणि मलेरियाबरोबर स्क्रब टायफसचेही रुग्ण दिसू लागतात. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर परिसरात या आजाराचा उद्रेक झाला, तेव्हा हे नाव वृत्तपत्रांतून प्रथमच अनेकांच्या कानी पडले. नावावरून टायफॉइडची आठवण होत असली तरी दोहोंचा काही संबंध नाही. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, तर स्क्रब टायफस ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ या जिवाणूमुळे होतो आणि तो माणसापर्यंत पोहोचतो चिगर नावाच्या सूक्ष्म कोळ्याच्या अळीमार्फत.

ही सहा पायांची अळी डोळ्यांना जेमतेम दिसते. एरवी ती उंदीर-घुशींच्या अंगावर पोसली जाते, माणूस तिच्या वाटेत केवळ योगायोगाने येतो. रक्त न पिता ती त्वचेत लाळ सोडून विरघळलेल्या पेशींचा रस शोषते, आणि त्याच लाळेतून जिवाणू शरीरात उतरतो. बाधित मादीकडून तो अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जात असल्यामुळे कोळी हा या रोगाचा वाहक तर आहेच, शिवाय कोठारही आहे.

चाव्यानंतर साधारण सहा ते एकवीस दिवसांनी तीव्र ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते, म्हणजे सुरुवातीचे चित्र पावसाळ्यातील इतर कोणत्याही तापासारखेच असते. वेगळेपण असते ते चाव्याच्या जागी उमटणाऱ्या ‘एस्कार’ या खुणेत: सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली आणि भोवती लालसर कडा. ती दुखत नाही, खाजत नाही आणि बहुधा काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा साडीच्या गाठीखाली दडलेली असते, त्यामुळे रुग्णाला स्वतःलाही तिचा पत्ता नसतो. सावळ्या त्वचेवर ती सहज नजरेतून सुटते आणि घामाने ओलसर राहणाऱ्या भागांत तर खपली न धरता नुसता उथळ व्रणच राहतो. खूण किती रुग्णांत आढळली याचे आकडे रुग्णालयागणिक कमालीचे बदलतात, त्यामागे तपासणी किती कसून झाली हेही एक कारण आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात स्त्री रुग्णाची संपूर्ण तपासणी होणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच रुग्ण कोण, कुठला आणि कोणत्या महिन्यात आला, ही माहिती येथे रक्ततपासणीइतकीच मोलाची ठरते. भारतातील बहुतेक भागांत रुग्णसंख्या ऑगस्टपासून वाढते आणि नोव्हेंबरनंतर ओसरते, दक्षिणेत मात्र ती थंडीतही टिकून राहते. रुग्णांत मोठा वाटा शेतकरी व शेतमजुरांचा असतो: निंदणीला तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्या, बांधावरचे गवत कापणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या स्त्रिया यात ठळकपणे येतात. तरीही हा प्रौढांचाच आजार मानणे चुकीचे ठरेल. उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात मुलांना होणाऱ्या मेंदूज्वराचे खापर दीर्घकाळ जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर फोडले जात होते, परंतु पुढे झालेल्या तपासण्यांत त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला.

जिवाणू सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो, वाहिन्या पाझरू लागतात आणि दुर्लक्षित रुग्णात दुसऱ्या आठवड्यापासून फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत किंवा मेंदू कोलमडू शकतो. विरोधाभास असा, की इलाज साधा आणि स्वस्त आहे. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे या जिवाणूवर चालत नाहीत, पण डॉक्सिसायक्लिन किंवा गर्भवतींसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन वेळेवर दिल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र देणे एकेकट्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरते, हे भारतातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम एलायझा तपासणी पहिल्या काही दिवसांत नकारार्थी येऊ शकते; त्यामुळे निंदणीच्या दिवसांत शेतातून आलेल्या तापाच्या रुग्णाला अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करणे हेच जाणकार डॉक्टर पसंत करतात.