डिशलाही हवी पावसाळ्याची बेगमी

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या पुण्यातल्या घरी नवी डीटीएच डिश बसली. दोन तरुण आले, गच्चीच्या कठड्याला बोल्ट मारून छत्री उभी केली, केबल खाली सोडली आणि अर्ध्या तासात टीव्हीवर स्वच्छ चित्र दिसू लागलं. एप्रिल-मे छान गेले. जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी सासूबाईंच्या मालिकेतल्या माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटायला लागला आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी आली. बाहेर पाऊस होता. थांबला की येईल, म्हणून वाट पाहिली. पाऊस थांबला, दुसऱ्या दिवशी ऊनही पडलं, तरी वारा सुटला की चित्र फुटायचंच.

तक्रार केली. एक जण सेट-टॉप बॉक्स बदलून गेला, दुसरा डिशच्या दांडीवरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग. दर वेळी दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेजाऱ्यांनी समजूत घातली, “अहो, डीटीएच म्हटलं की पावसाळ्यात हे असंच.” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. उपग्रहाकडून निघालेली लहर छत्तीस हजार किलोमीटरचा प्रवास बहुतेक वेळा सुखरूप करते. ती अडखळते आपल्या गच्चीवर, शेवटच्या वीस-पंचवीस मीटरांत. आणि तेवढा टप्पा बऱ्याच अंशी आपल्या हातातला आहे.

विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर फिरणाऱ्या उपग्रहाला एक फेरी पुरी करायला २३ तास ५६ मिनिटं लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जमिनीवरून पाहता तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा राहतो. अशा उपग्रहांमार्फत जगभर प्रक्षेपण करता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडलं होतं. उपग्रह जागचा हलत नाही, म्हणूनच आपली डिश एकदा रोखून कायमची आवळून टाकता येते. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेच्या अंगाला आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातली एकही डीटीएच छत्री उत्तरेकडे तोंड करून बसत नाही. ज्या फ्लॅटची बाल्कनी फक्त उत्तरेला उघडते, त्यांना सोसायटीची परवानगी काढून गच्ची गाठावी लागते ती याचमुळे.

भारतातल्या खेड्यांनी उपग्रहावरचा टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह त्या काळापुरता वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे कार्यक्रम थेट पोचवले गेले. तिथल्या अँटेना तीन मीटर व्यासाच्या होत्या, खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. ती लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची होती. आजची डीटीएच कू बँड या वारंवारतांच्या पट्ट्यावर चालते, तिची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. लहर आखूड झाली, उपग्रह जास्त ताकदीचे झाले, म्हणून साठ-पासष्ट सेंटिमीटरची छत्री पुरू लागली.

मात्र छत्रीवर पोचते ती शक्ती फार म्हणजे फार क्षीण असते. एका वाहिनीसमूहाचा विचार केला तर साधारण एका वॅटचा लाख कोटीवा भाग. छत्रीचा वक्र पत्रा ही शक्ती एका बिंदूवर गोळा करतो, आणि त्या बिंदूवर एलएनबी बसवलेला असतो. तो लहर वाढवतो, तिची वारंवारता केबलला झेपेल इतकी खाली आणतो आणि खोलीतल्या बॉक्सकडे धाडतो. हे सगळं जमतं ते डिशचा रोख अचूक असेल तर.

अचूक म्हणजे किती? साठ सेंटिमीटरच्या डिशची कड पाच मिलिमीटर इकडची तिकडे झाली, की रोख एका अंशाने हलतो. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाची निम्मी रुंदी. उपग्रहाच्या उंचीवर त्याचा फरक सहाशे किलोमीटरहून अधिक होतो. एका अंशाच्या चुकीने गोळा होणाऱ्या शक्तीचा जवळपास चौथा हिस्सा जातो. बोल्ट आवळताना पान्याच्या शेवटच्या वेढ्यालाही डिश तेवढी सरकू शकते.

गंमत अशी, की कोरड्या हवेत ही चूक दिसतच नाही. जुन्या अँटेनाच्या काळात ती लगेच दिसायची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. तेव्हा एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायची आणि खालून दुसऱ्याने “आलं, आलं, गेलं!” असं ओरडायचं, हा घरोघरचा कार्यक्रम होता. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की मुंग्या वाढायच्या. डिजिटल चित्राचं तसं नाही. त्यात चुका दुरुस्त करण्याची गणिती सोय आधीच भरलेली असते, म्हणून सिग्नल बराच घटला तरी चित्र लखलखीतच राहतं. एका मर्यादेखाली तो गेला, की ती सोय अपुरी पडते आणि चित्र एकदम फुटतं. म्हणजे बसवण्याच्या दिवशी चांगलं चित्र दिसणं पुरेसं नाही. त्या मर्यादेच्या वर किती सिग्नल शिल्लक आहे, हे पाहायला हवं. ही शिल्लक म्हणजे डिशची पावसाळ्याची बेगमी.

ती खर्ची पडते खऱ्या पावसात. पावसाच्या मोठ्या थेंबांचा आकार काही मिलिमीटर आणि लहर अडीच सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या तोलामोलाचे. त्यामुळे थेंब लहरीची शक्ती शोषतात आणि विखुरतात. जुन्या केबलवाल्यांच्या मोठ्या डिशवर येणारी सी बँडची लहर सात-आठ सेंटिमीटरची असे, तिला पावसाचा त्रास फारच कमी. पण कुठला पाऊस आपल्याला नडतो? एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गियानातल्या कुरू तळावरून सोडलेला जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर येतो. पावसाचा थर वर साधारण पाच किलोमीटरपर्यंत धरला, तर लहर त्या थरातून येताना आपल्या आग्नेयेच्या तीन किलोमीटरांवरून जाते. म्हणून कधी अंगणात थेंब नसतानाही चित्र जातं, आणि कधी दारात पाऊस असूनही टिकतं. नीट बसवलेल्या डिशवर अशी खरी अडचण ढग ओसरेपर्यंतच टिकते. तासन्‌तास किंवा उन्हातही चित्र फुटत असेल, तर दोष पावसाचा नाही.

आमच्या घरचा दोषी मला सापडला तो सूर्यामुळे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस रोज काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडतो आणि चित्र अडखळतं. पण त्या मिनिटांत एक सुंदर गोष्ट घडते. सूर्यकिरण आणि उपग्रहाची लहर एकाच वाटेने येतात. तेव्हा डिशवर पूर्ण ऊन असेल तर वाट मोकळी, आणि सावली असेल तर ज्याची सावली तोच अडथळा.

१ ऑक्टोबरला, बारा वाजायच्या आत, मी गच्चीवर गेले. डिशच्या पांढऱ्या पत्र्यावर बारीक पानांची नक्षी हलत होती. गुलमोहर! शेजारच्या आवारातला हा गुलमोहर मार्चमध्ये निष्पर्ण होता. डिश बसवणाऱ्यांना त्याच्या काटक्यांमधून मोकळं आकाश दिसलं होतं. जूनमध्ये त्याला पालवी दाटली आणि लहर पानांतून गाळून येऊ लागली. ओली पानं तर तिला फारच अडवतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक डिशचा एलएनबी मध्यभागी न बसता खालच्या बाजूला बसतो. अशी डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. त्यामुळे नुसत्या नजरेने ‘समोर तर मोकळं आहे’ असं वाटतं, आणि अडथळा वरच राहून जातो.

पुढच्या खेपेला आलेल्या अनुभवी कारागिराला हे सांगितलं. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, “काकू, झाडाला हात लावायला नको. डिशच त्या टोकाला नेऊ.” त्याने जुना खांब काढला, नवा लावताना ओळंबा धरला. खांब सरळ नसेल तर डिश आडवी फिरवताना तिची उंचीही बदलत राहते आणि मेळ बसत नाही. मग टीव्हीवर सिग्नलची गुणवत्ता दाखवणारा पट्टा उघडायला सांगून तो डिश मिलिमीटरने सरकवत राहिला. आकडा वाढला, आणखी वाढला, मग कमी होऊ लागला, तेव्हा तो मागे आला आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. आवळून झाल्यावर आकडा पुन्हा पाहिला. केबलचा जुना जोड कापला तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. पाणी शिरलं होतं. त्याने नवा कनेक्टर लावून त्यावर टेप गुंडाळली आणि केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी ओघळून झोळातून ठिबकतं, जोडात शिरत नाही. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने हे जोड आणखी लवकर गंजतात, तिथे तर ही काळजी हवीच. या सगळ्याला त्याला पाऊण तास लागला. त्यानंतरचा अख्खा पावसाळा चित्र गेलं ते फक्त तीन-चार वेळा, मोठ्या सरींत, दहा-पंधरा मिनिटं.

तेव्हा डिश बसवणारा कारागीर दारात आला, की त्याला घाई करू नका. चहा द्या, वेळ द्या, आणि चित्र दिसलं म्हणून लगेच निरोप देऊ नका. बोल्ट आवळल्यानंतरचा गुणवत्तेचा आकडा विचारा आणि तो कागदावर लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर कोरड्या दिवशी तोच पट्टा पुन्हा उघडा. आकडा घसरला असेल तर बॉक्स बदलण्याआधी जोड, खांब आणि झाड पाहा. आणि येत्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, टीव्ही रोज ठरावीक वेळी काही मिनिटं अडखळू लागला, की त्याच वेळी गच्चीवर जाऊन डिशवर ऊन पडलंय का, ते एकदा बघून या.